व्हीएम चालू केलं की घरातल्या सगळ्यांचं नेट जातं: दोष राउटरचा की व्हर्च्युअलबॉक्सचा?

खटाटोप

मंडळी, मदत हवी आहे.

घरी विंडोज डेस्कटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (एका संगणकात आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय. नेटवर्किंग मुळातून शिकायचं म्हणून त्यात दोन व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, केली आहेत. एक ओपन सोर्स फायरवॉलचं आणि दुसरं साध्या लिनक्सचं. फायरवॉलचं व्हीएम चालू केलं की थोड्याच वेळात घरभर नेट गंडतं. वायफायची रेंज फुल्ल, फोन जोडलेलाच असतो, पण खाली 'इंटरनेट नाही' असं येतं. बरं, सगळ्यांचं एकदम जात नाही. एका फोनवर व्हिडिओ सुरळीत चालू असतो आणि शेजारच्या टॅबवर साधं पान उघडत नाही. थोड्या वेळाने उलटं. माझ्या डेस्कटॉपचं मात्र हमखास जातं.

व्हीएम बंद केलं की हळूहळू आपोआप सुरळीत होतं.

अजून एक गोष्ट. राउटरच्या सेटिंगचं पान, म्हणजे १९२.१६८.१.१, उघडायला गेलो की कधी कधी ब्राउझर सर्टिफिकेटची वॉर्निंग देतो. पूर्वी ती कधीच यायची नाही. राउटर हॅक झाला असेल का? घरात इतरांची कामं याच नेटवर चालतात, त्यामुळे काळजी वाटते.

काजवा

राउटर जुना आहे का? जास्त डिव्हाइस झाली की बरेच राउटर दम तोडतात. फर्मवेअर अपडेट करा, वायफायचा चॅनेल बदला. तरीही नाही जमलं तर मागच्या बारीक भोकात पिन घालून फॅक्टरी रिसेट मारा. हॅकची शंका असेल तर तेच उत्तम.

अर्धविराम

खटाटोप, रिसेट अजिबात करू नका, निदान आत्ता तरी. तुमच्याकडे पीपीपीओई (युझरनेम-पासवर्ड देऊन लागणारी) जोडणी असेल तर रिसेटमध्ये त्याचं युझरनेम-पासवर्ड पुसलं जाईल. वायफायची नावं जातील, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या मशीनकडे वळवणं) जाईल, आणि मूळ दोष होता तिथेच राहील. व्हीएम बंद केलं की सगळं ठीक होतं, म्हणजे राउटर धडधाकट आहे. लक्षण इतकं बोलकं असताना पिन शोधायची गरज नाही.

आधी एवढं सांगा. डेस्कटॉप राउटरला केबलने जोडलाय की वायफायने? फायरवॉलच्या व्हीएमला नेटवर्क अ‍ॅडॉप्टर किती आहेत आणि प्रत्येकाचा मोड कोणता: नॅट, ब्रिज्ड, इंटर्नल की होस्ट-ओन्ली?

मग व्हीएम बंद असताना डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून एआरपी (कोणत्या आयपीमागे कोणतं नेटवर्क कार्ड आहे ते दाखवणारी) ही कमांड डॅश ए लावून चालवा. यादीत १९२.१६८.१.१ च्या समोर जो मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाची ओळख) दिसेल तो लिहून ठेवा. व्हीएम चालू करा, नेट जाईपर्यंत थांबा आणि तीच कमांड पुन्हा द्या. दोन्ही वेळचे पहिले तीन जोड-आकडे इथे टाका. पूर्ण मॅक टाकू नका.

सर्टिफिकेटच्या वॉर्निंगबद्दल माझा अंदाज आहे, पण आधी तुमचे आकडे येऊ देत.

खटाटोप

केबलने जोडलाय. फायरवॉलला दोन अ‍ॅडॉप्टर आहेत. पहिला नॅट, तो वॅन (बाहेरची, इंटरनेटची बाजू) म्हणून. दुसरा ब्रिज्ड, तो लॅन (आतली बाजू) म्हणून. ज्या माहितीवरून केलं तिथे 'लॅनसाठी ब्रिज्ड निवडा' असं होतं.

एआरपीचं बघितलं. व्हीएम बंद असताना १९२.१६८.१.१ समोर जो मॅक येतो तो राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेल्या मॅकशी जुळतो. व्हीएम चालू करून नेट गेल्यावर बघितलं तर त्याच आयपीसमोर ०८-००-२७ ने सुरू होणारा मॅक येतोय. हा कोण?

शिवाय फायरवॉलच्या काळ्या स्क्रीनवर एक ओळ पुन्हा पुन्हा येत होती. आधी एक मॅक आणि पुढे 'इज युझिंग माय आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.१'. तो मॅक राउटरच्या स्टिकरवरचा आहे.

अर्धविराम

सापडलं. ०८-००-२७ ने सुरू होणारे मॅक व्हर्च्युअलबॉक्स आपल्या व्हीएमना देतं. (केव्हीएम-क्यूईएमयू या लिनक्सवरच्या तशाच सॉफ्टवेअरच्या व्हीएमचे सहसा ५२-५४-०० ने सुरू होतात. हे दोन उपसर्ग लक्षात ठेवा, एआरपीच्या यादीत व्हीएम लगेच ओळखू येतं.) म्हणजे तुमच्या घरात आत्ता १९२.१६८.१.१ हा पत्ता दोघं सांगतायत. एक खरा राउटर, दुसरं तुमचं फायरवॉल व्हीएम.

पीएफसेन्स घ्या, ओपीएनसेन्स घ्या, ओपनडब्ल्यूआरटी घ्या, फायरवॉल-राउटरच्या या तिन्ही सॉफ्टवेअरचा लॅन बाजूचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ च असतो. घरगुती राउटरपैकी कितीतरी हाच पत्ता घेऊन येतात. त्यात पहिल्या दोघांचा लॅनवरचा डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारा) सर्व्हरही इन्स्टॉल होताच चालू असतो. तुम्ही लॅनचा अ‍ॅडॉप्टर ब्रिज्ड ठेवलात, म्हणजे हा नवा राउटर केबल लावून थेट घरच्या नेटवर्कमध्ये आणून बसवलात.

ब्रिज्ड म्हणजे नेमकं काय, हे समजून घेणं फार महत्त्वाचं आहे. नॅट मोडमध्ये व्हीएम होस्टच्या, म्हणजे डेस्कटॉपच्या, आडोशाला असतं. घरातल्या राउटरला ते दिसतही नाही, त्याला सगळी वाहतूक डेस्कटॉपचीच वाटते. ब्रिज्डमध्ये व्हीएमला स्वतःचा मॅक असतो, ते राउटरकडून स्वतःचा आयपी मागतं, आणि त्याच्यावर डीएचसीपी सर्व्हर चालत असेल तर तो घरातल्या फोनलाही आयपी वाटायला लागतो. डेस्कटॉपच्या आत आहे म्हणून ते वेगळं ठरत नाही.

सर्टिफिकेटची वॉर्निंगही यातलीच. एआरपीमध्ये व्हीएम वर असतं तेव्हा १९२.१६८.१.१ टाकल्यावर राउटरऐवजी फायरवॉलचं पान उघडतं. ते एचटीटीपीएसवर, स्वतःच सही केलेल्या सर्टिफिकेटने चालतं, म्हणून ब्राउझर हटकतो. हॅक वगैरे काही नाही. मात्र अशी वॉर्निंग आली असताना राउटरचा पासवर्ड टाकायचा नाही, ही सवय ठेवाच. समोर कोण बसलंय ते तेव्हा माहीत नसतं.

उपाय सोपा आहे. लॅनचा अ‍ॅडॉप्टर ब्रिज्डवरून काढून इंटर्नल नेटवर्कवर टाका, त्याला काहीतरी नाव द्या, उदा. 'सराव'. लिनक्सच्या व्हीएमचा अ‍ॅडॉप्टरही इंटर्नलवर, त्याच नावाने. नाव अक्षरशः तेच हवं, नाहीतर दोन वेगळी नेटवर्कं तयार होतील. हे झालं की फायरवॉलचा डीएचसीपी फक्त त्या लिनक्सला आयपी देईल.

काजवा

अर्धविराम, रिसेटबद्दल तुमचं म्हणणं पटलं. एक विचारू? दोघांचा पत्ता एकच असेल तर एकतर सगळं बंद पडायला हवं किंवा सगळं चालायला हवं. एकाचं चालू, एकाचं बंद, मग उलटं, हे कसं?

अर्धविराम

चांगला प्रश्न. इथे दोन गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत.

पहिली एआरपी. फोनला बाहेर जायचं असतं तेव्हा तो पूर्ण नेटवर्कला विचारतो, '१९२.१६८.१.१ कोण आहे? मॅक सांगा.' एकाच नावाच्या दोघांना हाक मारावी आणि दोघांनीही ओ द्यावी, तसं होतं. ज्याचं उत्तर धरलं जातं त्याचा मॅक फोन काही काळ लक्षात ठेवतो. तो काळ संपला की पुन्हा विचारतो आणि या खेपेला दुसऱ्याचं उत्तर धरलं जाऊ शकतं. प्रत्येक फोनची ही स्मरणाची घडी वेगळी, म्हणून प्रत्येकाचं नेट वेगवेगळ्या वेळी जातं.

दुसरी डीएचसीपी. नवा फोन वायफायला जोडला की तो यूडीपी पोर्ट ६७ वर सगळ्यांना उद्देशून 'कोणी आयपी देता का' असा डिस्कव्हर पाठवतो. दोन्ही सर्व्हर ऑफर पाठवतात आणि फोन बहुधा आधी आलेली ऑफर घेतो. दोघांच्या याद्या स्वतंत्र. राउटरने टॅबला १९२.१६८.१.१०१ दिलाय हे फायरवॉलला ठाऊक नसतं, ती तोच फोनला देऊ शकते. मग त्या दोघांचीच आपसात टक्कर. विंडोजच्या आयपीकॉन्फिगमध्ये डीएचसीपी सर्व्हरची ओळ असते, एरवी ती बघून घुसखोर लगेच सापडतो. इथे दोघांचाही पत्ता एकच असल्याने त्या ओळीवरून काही कळलं नसतं. म्हणून मी मॅक मागितला.

आता खटाटोप यांच्या डेस्कटॉपचं हमखास का जातं ते बघा. फायरवॉलची वॅन बाजू नॅटवर आहे, म्हणजे तिचं बाहेर जाणं डेस्कटॉपमार्फतच. फोन फायरवॉलकडे गेला आणि डेस्कटॉपच्या एआरपीत खरा राउटर असला, तर फोन, फायरवॉल, डेस्कटॉप, राउटर असा वळसा घेऊन नेट चालतं. आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण डेस्कटॉपनेच व्हीएमला गेटवे (बाहेर जायचं दार) धरलं की डेस्कटॉप पॅकेट व्हीएमला देतो, व्हीएम नॅटमधून ते परत डेस्कटॉपला देतं, डेस्कटॉप पुन्हा व्हीएमला. बाहेर काहीच पोचत नाही.

खटाटोप

मनापासून धन्यवाद. दोन्ही व्हीएम इंटर्नलवर टाकली, घरचं नेट आता एकदम स्थिर आहे. व्हीएम तासन्‌तास चालू ठेवलं तरी कुणाची तक्रार नाही. लिनक्सला फायरवॉलकडून १९२.१६८.१.१०० मिळाला आणि त्यातून बाहेरच्या साइटही उघडल्या.

यानंतर फायरवॉलचा वॅन नॅटवरून ब्रिज्डवर नेला, कारण तिला घरच्या राउटरकडून खरा आयपी मिळावा असं वाटत होतं. तर लिनक्सचं नेट गेलं. वॅनला १९२.१६८.१.३४ मिळालाय, लॅन १९२.१६८.१.१ आहे.

तळटीप

मध्येच बोलतो. वॅन ब्रिज्ड ठेवायला हरकत नाही. तिथे फायरवॉल डीएचसीपीची ग्राहक असते, सर्व्हर नसते, त्यामुळे घरच्यांना त्रास नाही. अडचण अशी आहे की तुमच्या वॅन आणि लॅन दोन्हीवर १९२.१६८.१ चंच नेटवर्क आहे. राउटिंग चालतं ते 'हे नेटवर्क या दाराने, ते त्या दाराने' या भेदावर. दोन्ही दारांवर एकच पाटी असेल तर पॅकेट कुठून काढायचं? त्यातून वॅनचा गेटवे १९२.१६८.१.१, आणि तो तर फायरवॉलचा स्वतःचाच पत्ता!

लॅन बदला. खासगी वापरासाठी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने तीन पट्टे राखून ठेवलेत: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ चे सगळे. सरावासाठी १०.५०.०.१, मास्क २४, असं काहीतरी घ्या, डीएचसीपीची रेंजही त्यातच द्या. १९२.१६८.५६ टाळा, तो व्हर्च्युअलबॉक्सच्या होस्ट-ओन्लीचा मूळ पट्टा आहे. १९२.१६८.१२२ लिबव्हर्टचा (केव्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहे आणि १७२.१७ डॉकरचा. उद्या यातलं काही टाकलंत तर पुन्हा हाच गोंधळ.

आणि घरच्या नेटवर्कमधून फायरवॉलच्या वॅनच्या पत्त्यावर काही सुरू करायला गेलात तर ती दाद देणार नाही. बाहेरून येणारं सगळं अडवायचं हा तिचा मूळ नियम. शिवाय पीएफसेन्समध्ये वॅनवर खासगी पत्ते अडवण्याचा वेगळा पर्याय आधीपासून टिक केलेला असतो. खऱ्या इंटरनेटला ते योग्यच आहे. तुमच्या सरावात वॅनच खासगी नेटवर्कवर आहे, म्हणून तो काढून मग हवा तेवढाच नियम उघडा.

दुवा

याच धाग्यात विचारते, कारण विषय जवळचा आहे. उबुंटू सर्व्हरचं एक व्हीएम नीट तयार केलं आणि त्याचे दोन क्लोन काढले. क्लोन करताना नवे मॅक अ‍ॅड्रेस बनवायचा पर्याय निवडला होता. दोन्ही ब्रिज्ड आहेत, मॅक खरंच वेगळे आहेत, सेटिंगमध्ये जाऊन ताडून पाहिलं. तरी राउटर दोघांना एकच आयपी देतोय. एकाला एसएसएच (दुरून लॉग-इन) केलं की कधी दुसऱ्यातच जाऊन पोचते. दुसरा डीएचसीपी सर्व्हर घरात नाही, वरची एआरपीची तपासणी करून बघितली.

काजवा

नॅट मोडमध्ये तर नाहीत ना? नॅटमध्ये माझ्या सगळ्याच व्हीएमना १०.०.२.१५ दिसतो.

अर्धविराम

काजवा, ते बरोबर आहे आणि निरुपद्रवी आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये प्रत्येक व्हीएमचं आपलं वेगळं बंद नेटवर्क असतं. प्रत्येकाला १०.०.२.१५, गेटवे १०.०.२.२, डीएनएस १०.०.२.३. ती एकमेकांना दिसतच नाहीत, त्यामुळे टक्कर नाही. व्हीएम एकमेकांशी बोलायला हवी असतील तर साधं नॅट सोडून 'नॅट नेटवर्क' निवडावं लागतं. नावं जवळजवळ सारखी असल्याने तिथे पुष्कळ लोक अडकतात.

दुवा यांचं दुखणं निराळं आहे. त्यांचे ब्रिज्ड आहेत.

दुवा, दोन्ही क्लोनमध्ये ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी नावाची फाईल उघडून बघा. एकच लांब आकडा दोन्हीकडे असणार. उबुंटू सर्व्हर १८.०४ पासून नेटवर्क सांभाळतो सिस्टिमडी-नेटवर्कडी, आणि तो डीएचसीपीला ओळख म्हणून नुसता मॅक पाठवत नाही. तो एक क्लायंट आयडी बनवून पाठवतो आणि त्यातला मुख्य भाग मशीन-आयडीवरून काढलेला असतो. इंटरफेसचं नाव दोन्हीकडे तेच, मशीन-आयडी तोच, म्हणून क्लायंट आयडीही तोच. डीएचसीपीच्या नियमात क्लायंट आयडी आला तर सर्व्हरने तीच ओळख मानायची असते. तुमचा राउटर नियमाने वागतोय. फक्त मॅक बघणारा राउटर असता तर तुम्हाला हे कधी कळलंच नसतं.

क्लोनमध्ये ती फाईल रिकामी करा. पूर्ण डिलीट करू नका, फाईल राहू द्या, आतला मजकूर शून्य करा. ट्रंकेट कमांडने आकार शून्य केला की झालं. मग रीबूट. चालू होताना नवा आयडी तयार होतो. व्हार-लिब-डीबसमध्येही मशीन-आयडी असते. ती ईटीसीतल्या फाईलकडे बोट दाखवणारी लिंक आहे ना, हे तपासा. स्वतंत्र फाईल असेल तर जुना आकडा तिथून परत येऊ शकतो.

दुसरा मार्ग नेटप्लॅनच्या फाईलमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायर या ओळीत मॅक लिहायचा. चालतो. पण मी पहिलाच सुचवेन, कारण मशीन-आयडी लॉग वगैरे इतर ठिकाणीही वापरला जातो.

तळटीप

आणि हेच निमित्त साधून एसएसएचच्या होस्ट की बदलून घ्या. क्लोनमध्ये त्याही मूळ व्हीएमच्याच आल्या आहेत. एरवी एकाच आयपीवर दुसरं मशीन आलं की एसएसएच मोठा इशारा देऊन जोडणी तोडतं. तुम्ही दुसऱ्याच व्हीएममध्ये पोचलात आणि इशारा आला नाही, त्याचं कारण हेच. दोघांची की एकच आहे, त्यामुळे तुमच्या बाजूला फरक ओळखायला काही साधनच उरलं नाही.

दुवा

मशीन-आयडी अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत सारखा होता. रिकामी करून रीबूट केल्यावर दोघांना वेगळे आयपी मिळाले. होस्ट की नव्या करताना पहिल्याच जोडणीला तो इशारा आला, तो आता समजून वाचला. यापुढे क्लोन काढण्याआधी मूळ व्हीएममध्येच ही फाईल रिकामी करून ते बंद करणार, म्हणजे प्रत्येक क्लोन पहिल्या बूटला आपला आयडी बनवेल.

रानवारा

माझ्याकडे उलटी तक्रार आहे. लॅपटॉपवर लिनक्स, त्यात केव्हीएम. व्हीएम घरच्या नेटवर्कमध्ये फोनला दिसावं म्हणून ब्रिज बनवला आणि त्यात वायफायचा इंटरफेस टाकायला गेलो, तर 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड'. ड्रायव्हर बदलून पाहिला, तेच. पण त्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्सचं ब्रिज्ड वायफायवर चालतं! मग केव्हीएमला काय अडचण?

अर्धविराम

रानवारा, दोष ड्रायव्हरचाही नाही आणि केव्हीएमचाही नाही. वायफायच्या फ्रेमची घडणच आड येते.

लॅपटॉप राउटरला फ्रेम पाठवतो तेव्हा त्यात तीन मॅक असतात: राउटरच्या रेडिओचा, पाठवणाऱ्याचा आणि शेवटी जिथे जायचंय त्याचा. 'रेडिओवरून पाठवणारा वेगळा आणि मूळ पाठवणारा वेगळा' हे लिहायला चौथी जागा नाही. व्हीएमचा मॅक पाठवणारा म्हणून घातला, तर त्या मॅकने राउटरशी जोडणी केलेलीच नसते, आणि राउटर ती फ्रेम टाकून देतो. म्हणून लिनक्स आधीच नकार देतो. चार पत्त्यांची पद्धत अस्तित्वात आहे, पण ती दोन्ही टोकांना लागते आणि घरगुती राउटरमध्ये क्वचित मिळते.

व्हर्च्युअलबॉक्स वेगळा मार्ग काढतं. व्हीएमकडून बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरचा मॅक पुसून तिथे लॅपटॉपच्या वायफायचा मॅक लिहितं. परत आलेलं पॅकेट आयपी बघून ओळखतं आणि व्हीएमचा मॅक घालून आत देतं. कोणता आयपी कोणत्या व्हीएमचा हे कळावं म्हणून एआरपी आणि डीएचसीपीच्या पॅकेटवर नजर ठेवतं. म्हणजे ब्रिज म्हटलं तरी खरा ब्रिज तो नाही. त्यामुळे वायफायवर असताना फोनच्या एआरपीत व्हीएम आणि लॅपटॉप दोघांसमोर एकच मॅक दिसेल, ०८-००-२७ दिसणारच नाही. खटाटोप केबलवर होते म्हणून त्यांना तो दिसला.

केव्हीएमवर तुम्हाला दोन वाटा. केबल लावता आली तर केबलच्या इंटरफेसचा ब्रिज करा, सरळ चालेल. नाहीतर लिबव्हर्टचं मूळ नॅट नेटवर्क राहू द्या आणि जी सेवा फोनला हवी आहे तेवढ्याच पोर्टचं फॉरवर्डिंग लॅपटॉपवर करा. फोनमध्ये लॅपटॉपचा आयपी टाकायचा. एका-दोन सेवांसाठी मला हीच वाट आवडते, व्हीएमचा बाकी भाग उघडा पडत नाही.

तळटीप

फोन गेस्ट वायफायवर नाही ना, तेही बघा. गेस्ट नेटवर्कमध्ये उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम तोडलेलं असतं. काही राउटरमध्ये साध्या वायफायलाही एपी आयसोलेशन नावाचा पर्याय असतो. तो चालू असेल तर इंटरनेट झकास आणि घरातल्या घरात पिंग मात्र नाही.

वाटाड्या

घरातल्या व्हीएमपर्यंत बाहेरून पोचायचंय. व्हीएमला राउटरमध्ये आयपी राखून दिला, पोर्ट फॉरवर्ड केलं, व्हीएमच्या फायरवॉलमध्ये उघडलं. घरातून चालतं, बाहेरून नाही.

तळटीप

राउटरच्या स्टेटसच्या पानावर वॅनचा आयपी बघा आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या कुठल्याही साइटवरचा आयपी बघा. दोन्ही जुळले तर चूक फॉरवर्डिंगमध्ये आहे. जुळले नाहीत तर तुमच्या पुढे अजून एक नॅट आहे. वॅनचा आयपी १९२.१६८ किंवा १० चा असेल तर बहुधा सेवा देणाऱ्याने बसवलेला डबाही राउटर म्हणून चालतोय. तो ब्रिज मोडवर न्या किंवा दोन्हीकडे फॉरवर्ड करा. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर ते सीजीनॅट. हा पट्टा २०१२ मध्ये त्यासाठीच राखून ठेवला गेला. एक सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि त्यावरचं फॉरवर्डिंग तुमच्या हातात नसतं. राउटरवर कितीही खटपट केली तरी ते उघडणार नाही.

वाटाड्या

१००.७२ ने सुरू होतोय. म्हणजे वाट बंद?

तळटीप

बाहेरून आत येण्याची बंद. आतून बाहेर जाण्याची उघडी आहे, आणि जोडणी एकदा झाली की तिच्यावरून दोन्ही दिशांना बोलता येतं. सार्वजनिक आयपी असलेला एखादा छोटा सर्व्हर तुमच्याकडे असेल तर व्हीएममधून त्याला वायरगार्ड (व्हीपीएनचा बोगदा) लावा. व्हीएमच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ ठेवा, म्हणजे दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट जाऊन नॅटमधली वाट जिवंत राहते. सेवा देणारा आयपीव्ही६ देत असेल तर तोही मार्ग आहे. तिथे व्हीएमला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढाच उघडावा लागतो.

वाटाड्या

वायरगार्ड लागलं. पिंग जातं, एसएसएच लागतं, पण मोठी फाईल पाठवली किंवा एसएसएचमध्ये लांबलचक यादी काढली की तिथेच गोठतं. जोडणी तुटत नाही, नुसती थांबून राहते. राउटरवर पीपीपीओई आहे, आणि बाहेरच्या सर्व्हरला आयपीव्ही६ ने जोडलंय.

अर्धविराम

लहान पॅकेट जातात, मोठी गडप होतात, म्हणजे एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी). इथेही राउटर रिसेट करायच्या फंदात पडू नका.

इथरनेटची मर्यादा १५०० बाइट. पीपीपीओई त्यातले ८ स्वतःसाठी घेतं, उरले १४९२. वायरगार्डचा बोगदा सहसा १४२० चा असतो आणि बाहेरून आयपीव्ही६ असेल तर त्यावर ८० बाइटचं आवरण चढतं. झाले बरोबर १५००. तुमच्या तारेवर १४९२ च मावतात. आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही, तो 'फार मोठं आहे' असा निरोप परत पाठवतो. तो निरोप कुठेतरी अडवला गेला की पाठवणाऱ्याला कळतच नाही आणि तो वाट बघत बसतो. बाहेरून आयपीव्ही४ असतं तर आवरण ६० चं, एकूण १४८०, आणि तुम्हाला हा त्रास झालाच नसता.

दोन्ही टोकांना वायरगार्डच्या फाईलमध्ये एमटीयू १४१२ लिहा. मग व्हीएममधून सर्व्हरच्या बोगद्यातल्या आयपीव्ही४ पत्त्यावर तुकडे न करण्याच्या पर्यायासह पिंग करा. लिनक्समध्ये डॅश मोठं एम, पुढे डू, आणि आकार १३८४. आयपी आणि आयसीएमपी हेडरचे २८ त्यात मिळवले की १४१२ होतात. १३८४ ला उत्तर आलं आणि १३८५ ला 'मेसेज टू लाँग' आलं तर हिशेब जमला.

वाटाड्या

१३८४ जातं, १३८५ ला तोच संदेश येतो. मोठी फाईल एका दमात गेली, यादीही शेवटपर्यंत आली.